चार स्क्रू जागच्या जागी

१

राखणदाराला यातून काय मिळणार होतं, याचा हिशेब मीटरबाईंनी जीपमध्ये बसल्या बसल्याच मांडून टाकला. चोरीला गेलेली वस्तू म्हणजे तळहाताएवढं एक यंत्र. वर काचेची अर्धगोल टोपी, आत काळी टिकली. ऊन किती पडतंय ते मोजायचं आणि आकडा दाखवायचा, एवढंच त्याचं काम. विकत घ्यायला गेलं तर डोळे पांढरे करील अशी किंमत. पण विकायला गेलं तर भंगारवाला वजनावर घेणार, म्हणजे दोन चहा आणि फार तर एक काडेपेटी. त्या बदल्यात राखणदार गमावणार होता अकरा वर्षांची नोकरी, राहती खोली आणि नुकत्याच लग्न झालेल्या लेकीचा सासरचा मान.

इतक्या तोट्याचा धंदा करणारा माणूस चोर असला तरी फारच भोळा असला पाहिजे, असं मीटरबाईंना वाटलं.

मीटरबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एकतीस वर्षं त्यांनी विजेची मीटरं तपासली. कोणी चुंबक चिकटवलाय, कोणी भोक पाडून आत काडी सरकवलीय, कोणी नुसताच साळसूद चेहरा करून उभा आहे, हे त्यांना दारातच कळायचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. गुडघे गेले, नाव राहिलं.

त्यांना बोलावलं होतं सूर्याची वीज विकत घेणाऱ्या कचेरीच्या साहेबांनी. ही कचेरी स्वतः काही बांधत नाही. मैलभर माळ दाखवते आणि खासगी कंपन्यांना सांगते, इथे पॅनेल तुम्ही लावा, वर्षाला ठरलेली इतकी वीज आम्हाला द्या, आणि युनिटमागे काय घ्याल ते बंद पाकिटात लिहा. सर्वांत स्वस्त देईल त्याच्याशी पंचवीस वर्षांचा करार. भाजीबाजारातलाच प्रकार, फक्त ओरडायला बंदी. कोणावर अन्याय नको म्हणून कचेरीनं त्या यंत्रानं वर्षभर माळावरचं ऊन मोजलं होतं आणि एकच अहवाल चारही कंपन्यांना वाटला होता.

साहेब फाटकापाशी उभे होते. "ताई, प्रवास कसा झाला?"

"जीपचा झाला. माझी हाडं अजून यायची आहेत."

साहेब हसले. एके काळी मीटरबाईंच्या तपासणी-खोलीतला तो सर्वांत लहान, म्हणून सगळे त्याला धाकटा म्हणत. आता केस रंगवलेले, निवृत्तीला चार महिने, तरी बाईंच्या तोंडी धाकटाच. आणि बाईंना ताई म्हणणारं त्या खोलीतलं आता इथे तेवढंच एक माणूस होतं.

"पाकिटं उघडली," साहेब चालता चालता सांगू लागले. "दोघांचे दर तीनशे अकरा आणि तीनशे बारा पैसे. एक तीनशे सात. आणि एक एकदम दोनशे एक्क्याण्णव. तीनशे सातवाल्यांनी लगेच तक्रार ठोकली की एवढ्याशा उन्हात एवढ्या स्वस्तात वीज निघतच नाही, ही कंपनी एक तर फसवतेय नाहीतर अर्ध्यात पळणार. स्वस्तवाल्या कंपनीची मालकीण म्हणते, तुमचं यंत्रच चुकीचं आहे, तपासून घ्या. सोमवारी तपासणारे यायचे होते. सोमवारी सकाळी यंत्र गायब."

"आज बुधवार."

"शुक्रवारी करार आहे. तोवर यंत्र चुकीचं होतं हे सिद्ध झालं नाही, तर काम दुसऱ्या नंबरला जाईल. ताई, उघड आहे हो सगळं. त्या बाईचा दावा खोटा, म्हणून तिनं राखणदाराला पैसे चारले आणि यंत्र नाहीसं केलं. तुमचा एक पानी अहवाल द्या. राखणदाराला पोलिसांत देतो आणि विषय संपवतो."

"म्हणजे चोर ठरलाय, फक्त सही माझी हवी."

"तसं नाही, ताई."

माळाच्या मधोमध एक खांब होता आणि त्यावर लोखंडी पाटी. बाई शिडीच्या तीन पायऱ्या चढल्या, चौथीला गुडघ्यानं नकार दिला. पण दिसायचं ते तिथूनही दिसलं. पाटीवर यंत्राची जागा रिकामी होती. चार कोपऱ्यांना चार भोकं. आणि प्रत्येक भोकात त्याचा त्याचा स्क्रू, दोन फेरे आत, ताठ उभा.

बाईंच्या डोक्यात काहीतरी हललं, पण हाताला लागेना. कुठला चोर माल नेतो आणि स्क्रू परत जागेवर लावून जातो?

२

राखणदाराची खोली म्हणजे एक खाट, एक कंदील आणि भिंतीवर लेकीच्या लग्नाचा फोटो. तो उभाच राहिला.

"बसा की दादा. मी काही वरात घेऊन आलेली नाही."

"उभ्यानं बरं वाटतं, बाई."

बाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. असाच उभा राहिलेला एक माणूस त्यांना आठवत होता. चोवीस वर्षांपूर्वीचा, घरोघरी मीटरचे आकडे टिपणारा. एका कारखान्याचे आकडे कमी आले, बाईंनी त्याच्यावर अहवाल लिहिला, तो कामावरून गेला. चुंबक कारखानदाराचा होता हे दीड वर्षानं कळलं. तोवर तो माणूस गाव सोडून गेला होता. तेव्हापासून गरिबाविरुद्धचा पुरावा जितका चोख, तितका बाईंना तो कमी गोड लागायचा.

"यंत्र रोज पुसायचात?"

"रोज. सूर्य डोक्यावर यायच्या आत. धूळ बसली की आकडा खोटा येतो असं सांगितलं होतं मला." त्यानं खाटेखालून जाड वही काढली. तारीख, पुसलं, आणि पुढे एक आकडा. मध्येच कुठे 'रात्री पाऊस, काच धुतलेलीच, पुसलं नाही', कुठे 'रजा, पुसलं नाही'.

"हा आकडा कसला?"

"यंत्राच्या डब्यावर दिसायचा तो. दुपारी बाराचा."

"लिहायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. समोर दिसतो तर लिहायचा. नुसतं 'पुसलं, पुसलं' लिहिलं की पान रिकामं वाटतं."

बाहेर तारेवर एक फडकं वाळत होतं. बाईंनी ते उचललं. ते लोंबलं नाही, पुठ्ठ्यासारखं ताठ राहिलं. नव्या शर्टाच्या कॉलरला खळ दिल्यासारखं.

"याच फडक्यानं पुसायचो," राखणदार म्हणाला. "यंत्र नेलं ते नेलं, मेल्यानं माझी बाटलीपण नेली."

"कसली बाटली?"

"पुसायचं औषध. दर महिन्याच्या एक तारखेला कचेरीतून यायची. साधं पाणी लावायचं नाही, यंत्र बिघडतं, अशी ताकीद होती. खांबाखालच्या पेटीत अर्धी उरली होती."

"कोण आणायचं?"

"आकडेबाबू. आकड्यांची चिप न्यायला यायचे ना, त्यांच्या जीपमधून." मग खालच्या आवाजात तो म्हणाला, "बाई, मला आत टाकलं तरी चालेल, पण लेकीला तिच्या सासूनं काल विचारलं म्हणे, तुझा बाप अजून काय काय विकतो? माझी बाजू खरी ठरली तर ते शब्द परत घेतील का हो?"

बाईंनी वही मागून घेतली आणि फडकं पिशवीत टाकलं.

परतताना त्या एकच गोष्ट घोळवत होत्या. यंत्र चोरणाऱ्याचं एक वेळ समजतं. पण पुसण्याच्या औषधाची अर्धी बाटली कोण चोरतं? ज्याला त्या बाटलीत काय आहे ते ठाऊक आहे, तोच.

३

स्वस्तात वीज देऊ म्हणणाऱ्या कंपनीची कचेरी एका छापखान्याच्या माडीवर होती. खाली यंत्र चालू झालं की वर टेबलावरचे कप थरथरायचे. मालकीणबाई चाळिशीच्या आतल्या, केस कानामागे, बोलणं सुरीसारखं.

"माझ्यावर संशय आहे ना? विचारा."

"दर एवढा खाली कसा?"

"कारण ऊन वर आहे. माळाच्या कडेला शाळा आहे. तिच्या गच्चीवर आम्ही अकरा महिने स्वतःचं यंत्र ठेवलं. भाडं म्हणून शाळेच्या खिडक्यांना काचा बसवून दिल्या. कचेरीच्या अहवालापेक्षा ऊन सहा टक्के जास्त निघालं."

"हे कोणाला सांगितलं नाहीत?"

"स्पर्धा होती, बाई. सहल नव्हती."

"मग गच्चीवरचे आकडे समितीला आता दाखवा की."

"दाखवले. म्हणाले, तुमचं यंत्र, तुमची गच्ची, तुमचे आकडे. त्यांचं यंत्र तपासून खोटं ठरल्याशिवाय माझं खरं ठरत नाही. शुक्रवारी काम गेलं की अनामतही गेली." त्या किंचित हसल्या. "आता मला एक सांगा. ते यंत्र तपासलं जाण्यात सगळ्यांत जास्त फायदा कोणाचा होता?"

"तुमचा."

"आणि म्हणे मीच ते पळवलं. स्वतःचा साक्षीदार पळवणारी मी पहिलीच."

बाईंनी मनातल्या वहीत मालकीणबाईंच्या नावावर रेघ मारली. साक्षीदार पळवतो तो त्याच्या साक्षीला भिणारा. पण यंत्राची साक्ष नेमकी काय होती? ते नुसतं बिघडलेलं असतं तर कोणाला भ्यायचं कारण नव्हतं. बिघाड हा काही गुन्हा नव्हे.

४

आकडेबाबू हा कचेरीनं नेमलेला सल्लागार. यंत्रातले आकडे घ्यायचे आणि त्यांचा सुबक अहवाल बनवायचा. त्याच्या टेबलावर पाच पेनं एका ओळीत होती आणि बाईंनी त्यातलं एक तिरकं करताच तो अस्वस्थ झाला.

"अहवालात तीनशे त्रेपन्नच दिवस कसे? वर्ष आखूड झालं का?"

"बारा दिवस वगळलेत. त्या दिवशी यंत्र दुरुस्तीसाठी उघडलं होतं." त्यानं फाइलीतून पत्र काढलं. कचेरीचा शिक्का, साहेबांची सही, बारा तारखा.

"सही साहेबांचीच?"

"सही त्यांची हो. पण पत्र कोणी बनवलं कोण जाणे. साहेबांपुढे कागद सरकवला की सही होते. माशी येऊन बसली तर तिच्यावरही होईल."

"आणि औषधाची बाटली?"

"खोकं कचेरीतून बांधून यायचं. मी आपला हमाल."

बाईंनी चिपमधल्या आकड्यांचा मूळ तक्ता मागून घेतला, शेजारी राखणदाराची वही उघडली आणि पत्रातल्या तारखांवर बोट ठेवत गेल्या. आठ तारखा पावसाच्या दुसऱ्या दिवसाच्या. चार तारखा लेकीच्या लग्नाच्या रजेच्या. दुरुस्तीला कोणी आल्याची नोंद एकही नाही, आणि हा माणूस माळावर कुत्रं आलं तरी लिहून ठेवणारा.

"हे बघा बाबू. पावसाच्या दुसऱ्या दिवशी आकडा दर वेळी चढलाय."

"चढणारच. पावसानं हवा धुऊन निघते."

"बरं. मग उतरताना हवेसारखा हळूहळू उतरेल ना? आता रजेचे दिवस बघा. आदल्या रात्री पाऊस पडला, सकाळी हा लग्नाला गेला. चार दिवस कोणी पुसलं नाही. तुमच्या चिपमधले दुपारचे आकडे नऊशे छत्तीस, चौतीस, तेहतीस, एकतीस. धूळ बसली तसा एकेक, दोन-दोन उतरला. पाचव्या दिवशी गडी परत आला आणि त्यानं मन लावून यंत्र पुसलं. त्या दिवशीचा आकडा वाचा."

बाबूनं वाचला. मग पुन्हा वाचला. "आठशे एकोणऐंशी."

"म्हणजे?"

"पुसल्यावर... कमी झाला?"

"आळशी राखणदार असता तर आकडा जवळपास खराच राहिला असता. हा प्रामाणिक आहे, हाच घोळ."

बाईंनी पिशवीतून ते ताठ फडकं काढलं, बाबूच्या तांब्यातल्या दोन थेंबांनी ओलं केलं, आपला चष्मा पुसला, वाळू दिला आणि डोळ्यांवर चढवला. समोरचा बाबू, त्याची पाच पेनं, मागची खिडकी, सगळं पातळ दुधातून पाहावं तसं दिसू लागलं.

"खळ," बाई म्हणाल्या. "पाणी लागलं की धुऊन जाणारी. रोज एक पातळ थर. एकतीस वर्षं मी वीज चोरण्यासाठी मंद केलेली मीटरं पकडली. सूर्याचंच मीटर मंद करणारा आजच भेटला."

बाबूचा चेहरा उतरला होता. "मी नाही हो केलं."

"तुम्ही केलं असतं तर ते बारा दिवस गुपचूप खोडले असते. पत्र कशाला मागवलं असतं? पण दादा माळावर बसून लिहीत होता ते तुम्ही एकदा तरी उघडून पाहायचं होतं."

सूर्याचं मीटर मंद झालं हे कळलं. पण मंद मीटरचा फायदा कोणाला? अहवाल तर चौघांनाही तोच मिळाला होता.

५

गुरुवारी सकाळी बाईंनी कचेरीत बसून चारही कंपन्यांचे कागद मागवले. कारकुनाला नवल वाटलं. पाकिटं उघडली की सगळ्यांचे डोळे दराच्या रकान्यात घुसतात. पुढची पानं वाचायला कोणी थांबत नाही. बाईंनी दराचं पान उलटंच ठेवलं आणि मागून सुरुवात केली.

ठरलेली वीज द्यायला किती पॅनेल लावणार, हे प्रत्येकानं लिहून द्यायचं होतं. ऊन कमी तर पॅनेल जास्त, हे साधं गणित. तीनशे अकरा आणि तीनशे बारावाल्यांनी अहवालावर विश्वास ठेवून दोन लाख बारा हजारांच्या आसपास पॅनेल धरले होते. मालकीणबाईंनी गच्चीवरचं ऊन धरून एक लाख नव्व्याण्णव हजार. दर खाली, पॅनेल खाली, सरळ हिशेब.

आणि तक्रार करणारी दुसऱ्या नंबरची कंपनी? दर तीनशे सात. पॅनेल एक लाख नव्व्याण्णव हजार पाचशे.

बाई त्या आकड्याकडे बघत बसल्या. माणूस दर लिहितो तो जगाला सांगायला आणि पॅनेल मोजतो ते स्वतःच्या खिशाला सांगायला. या कंपनीला खरं ऊन माहीत होतं. दर मात्र कमी उन्हाचा लावला होता, बाकीच्यांपेक्षा चारच पैसे खाली, जिंकायला पुरेसा. मधली मलई पंचवीस वर्षं खायची. शाळेच्या गच्चीवर एक बाई यंत्र घेऊन बसली आहे हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. हरल्यावर मात्र यंत्र तपासलं जाणं परवडणारं नव्हतं. चुकून धुतलं गेलं असतं, तर स्वच्छ काच आणि वर्षभराचे कमी आकडे, यांची गाठ कोणीतरी घातलीच असती.

त्यांना आतला माणूस लागला असणार. खोकं बांधणारा, पत्र बनवणारा, राखणदाराच्या वहीतली पावसाची आणि रजेची पानं पाहणारा. कचेरीत असे दहा जण होते.

कचेरीच्या पाहुण्यांच्या निवासातल्या खोलीवर त्या परतल्या तेव्हा पंख्याचं बटण दुरुस्त करायला एक पोट सुटलेला वायरमन आला होता. त्यानं भिंतीवरची चौकट सोडवली आणि दोन्ही स्क्रू ओठांत धरले.

"तोंडात कशाला धरतोस रे? गिळशील."

"मग कुठे ठेवू आजी?" तो ओठांच्या फटीतून म्हणाला. "खिशात हरवतात, टेबलावर घरंगळतात. आमच्या लायनीत सगळे तोंडातच धरतात."

बाई पलंगावर बसल्या. आदल्या दिवशी माळावर डोक्यात जे हललं होतं ते आता हाताला लागलं, आणि लागलं तेव्हा त्यांना वाटलं, नसतं लागलं तर बरं झालं असतं.

"अरे बाबा," त्या वायरमनला म्हणाल्या, "जुनं बंद पडलेलं एखादं मीटर मिळेल का तुमच्याकडे?"

६

साहेबांच्या खोलीत दुपारचं ऊन टेबलाच्या काचेवर पडलं होतं. बाईंनी पिशवीतून गंजलेलं मीटर काढून समोर ठेवलं, वर स्क्रूड्रायव्हर ठेवला.

"अहवाल झाला का, ताई?"

"होतोय. त्याआधी हे उघडून दे. माझे हात आता थरथरतात."

साहेब हसले. जुन्या दिवसांची आठवण आली असावी; बाह्या सरसावल्या. पहिला स्क्रू काढला. बोलता बोलता दुसरा काढला. "आपली ती तपासणी-खोली आठवते, ताई? उन्हाळ्यात भट्टी." तिसरा. चौथा. झाकण उचलून बाजूला ठेवलं आणि मग, बोलणं न थांबवता, एकेक स्क्रू उचलून ज्याच्या त्याच्या भोकात बसवला. दोन फेरे. ताठ.

चौथ्या स्क्रूला त्यांचं बोलणं थांबलं.

खोलीत पंखा फिरत होता. साहेब आपल्याच हातांकडे पाहत राहिले, जणू ते दुसऱ्याचे होते.

"हे तुला कोणी शिकवलं रे धाकट्या?"

"तुम्ही."

"आणखी कोणाकोणाला शिकवलं मी?"

"आपण पाच जण होतो."

"दोघं गेले. एक परदेशी लेकाकडे. एक मी, माझे गुडघे शिडीची चौथी पायरी चढत नाहीत. उरलं कोण?"

साहेबांनी स्क्रूड्रायव्हर अलगद खाली ठेवला. नाही म्हणण्याचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. एकतीस वर्षं जिनं खोटं बोलणाऱ्यांचे चेहरे वाचले तिच्यापुढे तो खर्च वाया जाणार, एवढा हिशेब त्यांनाही येत होता.

"फडकं मिळालं मला," बाई म्हणाल्या. "दादाची वही आहे. दुसऱ्या कंपनीचे पॅनेल मोजलेत. तुला काय देणार होते?"

"पैसे नाही, ताई. खुर्ची. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे सल्लागार. गाडी, खोली, दारावर नाव." ते खिडकीबाहेर बघत बोलत होते. "चार महिन्यांनी मला कोणी विचारणार नव्हतं. वाटलं, कोणाचा खिसा थोडाच कापतोय? युनिटमागे काही पैसे."

"पंचवीस वर्षं. प्रत्येक घरातून."

"एवढा विचार केला नाही."

"आणि राखणदार?"

"त्याला नंतर कुठेतरी लावून दिलं असतं."

बाईंनी चष्मा काढला. "तो आकडे टिपणारा आठवतो? त्या कारखान्याच्या वेळचा? तू होतास माझ्याबरोबर. हत्यारांची पेटी तूच धरली होतीस."

"आठवतो."

"त्यालाही नंतर कुठेतरी लावून देऊ म्हणाले होते मी." त्या थांबल्या. "म्हणून मला बोलावलंस ना? मीटरबाई गरिबावर अहवाल लिहायला कचरत नाही म्हणून?"

साहेबांनी मान खाली घातली. "तुम्ही त्यानंतर बदललात, हे मला माहीत नव्हतं. आपलं बोलणंच राहिलं नव्हतं."

"यंत्र कुठाय? फोडून टाकलंस?"

ते उठले, कपाट उघडलं, फायलींच्या मागून टॉवेलात गुंडाळलेली वस्तू काढून टेबलावर ठेवली. काचेच्या टोपीला ओरखडाही नव्हता. वर पातळ पांढुरकी साय होती, नखानं निघेल अशी.

"दोनदा हातोडी उचलली," साहेब म्हणाले. "फोडवेना, ताई. मोजणारं यंत्र होतं."

बाईंनी विचारलं, "अहवाल मी लिहू की तू लिहितोस?"

साहेबांनी कोरा कागद ओढला. अक्षर अजून तसंच होतं, तपासणी-खोलीत बाईंनीच वळण लावलेलं. राखणदाराचं नाव त्यांनी पहिल्याच ओळीत मोकळं केलं. बाईंनी तेवढी ओळ वाचली आणि उरलेलं न वाचता खाली साक्षीदाराची सही केली.

७

शुक्रवारी समितीपुढे तपासणाऱ्यांनी यंत्र आधी तसंच, मग साध्या पाण्यानं धुऊन लावलं. फरक सहा टक्क्यांचा. करार दोनशे एक्क्याण्णवला झाला. मालकीणबाईंनी सही करून पेन बंद केलं आणि बाईंना म्हणाल्या, "चहा घेणार? कप हलणार नाहीत अशी खोली शोधतेय आता."

चौकशीचे जबाब आटोपून पंधरा दिवसांनी परतीच्या जीपमध्ये मीटरबाईंनी शेवटचा हिशेब मांडला.

दुसऱ्या कंपनीची अनामत गेली आणि पुढची दहा वर्षं पाकीट भरायला बंदी आली. त्यांना ते जड जाणार नाही, फक्त वाईट दिसेल. आकडेबाबू सगळा अहवाल पुन्हा करणार, पदरच्या खर्चानं, तीनशे पासष्टही दिवसांचा. घरोघरच्या लोकांचे युनिटमागे सोळा पैसे वाचले; वाचले हे त्यांना कधी कळणार नाही, जाणार होते हेही कळलं नव्हतं. धाकट्याची खुर्ची गेली, पेन्शन गेलं, दारावरचं नाव गेलं, पुढे कोर्ट.

राखणदाराला कामावर परत घेतलं. साहेबांच्या जागी आलेल्यांनी त्याला पत्र दिलं, त्यानं ते लेकीच्या सासरी पाठवलं. सासूनं वाचलं, घडी केली आणि म्हणाली, बरं झालं. बोललेले शब्द मात्र तिनं परत घेतले नाहीत. तो हप्ता लेक भरत राहील, किती वर्षं ते कोणी सांगावं.

राहिल्या मीटरबाई. त्यांना जाण्यायेण्याचं भाडं मिळालं आणि वर एक नारिंगी फाइल, आभाराची. माळावरून जीप गेली तेव्हा राखणदार शिडीवर होता, तांब्यातल्या पाण्यानं काच पुसत. त्यानं हात केला. "बाई, येत जा!"

बाईंनीही हात केला. आता सगळे त्यांना बाई म्हणणार होते. ताई म्हणणारा एकच उरला होता, आणि त्याच्या कागदावर त्यांनीच सही केली होती.